मास्तर घरी आहेत

मास्तर गेले त्याला एकोणीस दिवस झाले होते, पण ही गोष्ट त्यांच्या घराला अजून कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

माणसांना पटली होती. कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांनी शोकसभा घेऊन त्यात एकमेकांच्या भाषणांतल्या चुकाही काढल्या होत्या. वाचनालयाने मास्तरांच्या नावावरची दोन पुस्तकं परत मागवली होती. घर मात्र हटून बसलं होतं. सकाळी साडेसहाला मास्तरांच्या अंघोळीचं पाणी तापायचं. दुपारी चारला त्यांच्या खुर्चीमागचा दिवा लागायचा. आणि त्यांची पत्नी पिशवी घेऊन, चपला घालून दाराशी उभी राहिली की भिंतीतून आवाज यायचा, "मास्तर घरी एकटे राहतील. दार उघडता येत नाही."

भिंतींना कान असतात असं पूर्वी म्हणायचे. या भिंतींना तोंडही होतं, आणि ते मास्तरांनीच दिलेलं होतं.

मास्तरांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणूस बागकाम करतो किंवा घरच्यांच्या कामात चुका काढतो. मास्तर दुसऱ्या गोष्टीची तयारी करत असतानाच एका कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. घरातली उपकरणं एकमेकांशी बोलती करायची हा तिचा धंदा. कुलपं, दिवे, गीझर, फ्रिज सगळी बोलू लागली होती, पण त्यांना एकमेकांचं काही समजत नव्हतं. कुलपाला दार म्हणजे काय ते ठाऊक होतं, दिव्याला खोली ठाऊक होती, पण खोलीला दार असतं हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला कंपनीने 'संज्ञा विभाग' उघडला आणि जगातली कोणती वस्तू म्हणजे काय, हे ठरवायला मास्तरांना नेमलं. ज्या प्रश्नांवर पोरं चाळीस वर्षं जांभया देत आली, त्याच प्रश्नांसाठी आता दारात गाडी येऊ लागली. "उशिरा का होईना, जग वर्गात आलं," मास्तर म्हणाले.

प्रयोगाला पहिलं घर अर्थात स्वतःचंच. खोलीची व्याख्या त्यांनी अशी केली: जिला दार आहे, जिच्यात दिवा आहे आणि जिचं तापमान बाहेरच्यापेक्षा वेगळं ठेवता येतं ती खोली. व्याख्या निर्दोष होती. दुसऱ्या दिवसापासून घर फ्रिजला खोली समजू लागलं आणि दिवे मालवण्याआधी विचारू लागलं, "फ्रिजमध्ये कोणी आहे का?"

"आहेत ना," त्यांची पत्नी म्हणाली. "दोन टोमॅटो आणि अर्धं लिंबू."

घराने दोन पाहुण्यांची नोंद केली. अर्ध्या लिंबाचं काय करावं ते त्याला कळेना, आणि मास्तर त्यावर आठवडाभर खूश होते.

दीड वर्षापूर्वी मास्तर विसरू लागले. आधी शब्द, मग रस्ते. एकदा घरातल्या सपाता घालून ते थेट बस डेपोत पोचले आणि पाटी बदलल्यावर बस तीच राहते की दुसरी होते, यावर ड्रायव्हरशी वाद घालू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तीच धरा नाहीतर दुसरी धरा, पण चढा तरी किंवा उतरा तरी." त्यानंतर एका बऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच नियम लिहिला: मास्तर घरात असताना त्यांच्याजवळ कोणीतरी असलंच पाहिजे, आणि शेवटचा सोबती बाहेर पडू लागला तर दार उघडू नये. कुलपाला एक साधी किल्लीही होती. ती त्यांनी स्वतःपासून लपवून ठेवली, आणि मग कुठे लपवली तेही विसरले.

तेव्हा दिवसभर एक सोबतीण बाई यायची, त्यामुळे नियम कोणाला खुपला नाही. मास्तर गेल्यावर ती दुसऱ्या घरी कामाला लागली, आणि मास्तरांची पत्नी आत अडकली.

मास्तरांची लेक रोज सकाळी आठला येऊ लागली. ती आत बसायची, मग आई भाजी आणायला जायची. लेक पुस्तकांच्या शेवटी असते ती शब्दसूची तयार करायची. कोणता शब्द कुठल्या पानावर आहे ते बघत बसायचं काम. ते कुठेही बसून करता येतं, म्हणून पहिला आठवडा निभावला. पण आईला लेकीने राखणीला बसावं हेच रुचत नव्हतं. "मला माझ्या दारातून जायला तुझी रजा कशाला लागते?" ती म्हणायची. एका सकाळी लेकीची वाट न बघता तिने खुर्चीवर चढून धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली जुनं वर्तमानपत्र पेटवलं, कारण आग लागली तर दार उघडावं एवढी अक्कल घराला होती. दार उघडलं. पण ती दूध घेऊन परत आली तेव्हा खाली अग्निशमनची गाडी उभी होती आणि चार जवान मास्तरांना शोधत होते. घराने त्यांना कळवलं होतं की आत एक वृद्ध गृहस्थ आहेत.

कुलूपवाला येऊन गेला. म्हणाला, कुलूप काढायचं तर दार कापावं लागेल. आई म्हणाली, "दाराचं काय चुकलं?"

लेकीने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला.

"व्यक्तीची स्थिती बदलायची आहे का, ताई?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "जागी, झोपलेली की बाहेर?"

"वारलेली."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे वारलेली. वडील आहेत माझे."

"ताई, वाईट वाटलं. पण तसं बटण नाहीये हो. 'बाहेर' करू का?"

"करा."

"परत यायची तारीख?"

लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ती भरल्याशिवाय पुढे जात नाही, ताई."

लेकीने वर्षअखेरची तारीख सांगितली. "झालं," मुलगी म्हणाली आणि सवयीने पुढचं वाक्यही बोलून गेली, "प्रवास सुखाचा होवो."

त्या दुपारी दार मुकाट उघडलं. आई एकटी बाजारात जाऊन आली, जिना चढून दमली आणि खूश झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा घरात! लेकीने पुन्हा फोन केला, पुन्हा तारीख दिली, पुन्हा दुसऱ्या सकाळी मास्तर हजर. तिसऱ्या वेळी फोनवर एक गृहस्थ होते. ते नोंद वाचून म्हणाले, "काकांचं येणंजाणं फार आहे का हो?"

येण्याजाण्याची तीच नोंद आपल्या फोनवर मागे सरकवताना लेकीला मास्तरांना नेलं तो दिवसही सापडला. अकरा वाजून वीस मिनिटं. 'बाहेर: व्यक्ती, चार. लांब सामान, एक.' तिने फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ सूचीतले 'क'पासूनचे शब्द लावत बसली.

विसाव्या दिवशी ती कंपनीच्या कचेरीत गेली.

संज्ञा विभाग सहाव्या मजल्यावर होता. तिथे प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावलेली होती. टेबलावर 'टेबल', खुर्चीवर 'खुर्ची (बसण्याची)', आणि कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर 'खुर्ची?'. विभागप्रमुख बाई मास्तरांच्या विद्यार्थिनी. त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले आणि तिला बैठकीला बसवलं. बैठकीत आणखी दोघं होते: एक दाढीवाला, जो विचार करायचा, आणि एक चष्मेवाली, जी काम करायची.

"सरांची केस फारच सुंदर आहे," दाढीवाला म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो सावरला. "म्हणजे, तात्त्विकदृष्ट्या."

"मृत अशी एक अवस्था टाकून द्या ना," चष्मेवाली म्हणाली. "जागा, झोपलेला, बाहेर, मृत. दहा मिनिटांचं काम आहे."

"अवस्था कोणाची? अवस्था म्हटली की ती धारण करणारा लागतो. इथे तोच नाही."

"मग व्यक्ती काढून वस्तू करू."

"वस्तूला जागा द्यावी लागते. जागा माहीत नसली की घर तिला हरवलेली समजतं. मग सगळे दिवे लावून कपाटं उघडायला लावतं."

"मग सरांना फाइलमधून काढूनच टाकू."

चष्मेवाली लाल झाली. "फाइलमधून म्हणत्येय मी."

"काढता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर घराचा नकाशा लावला. मधोमध एक मोठं वर्तुळ, 'मास्तर'. त्यातून चारी बाजूंना रेघा निघाल्या होत्या. मास्तरांची खुर्ची. मास्तरांचा चष्मा. मास्तरांची पत्नी. मास्तरांची कन्या. "एक बिंदू स्थिर धरल्याशिवाय काही मांडता येत नाही, असं सर म्हणायचे. त्यांनी स्वतःला धरलं. आता ते काढले तर सगळंच लोंबकळतं. काकू तर अनोळखी होतात. आणि अनोळखी बाई घरात दिसली की घर पोलिसांना कळवतं."

लेकीने त्या नकाशाकडे पाहिलं. आपल्या आईसाठी बापाने एक रेघ ओढली होती, सरळ आणि नीटनेटकी. रेघ त्यांना नेहमीच चांगली ओढता यायची.

"म्हणजे," ती म्हणाली, "आज तिला घराबाहेर पडता येत नाही, आणि उद्या घरात राहता येणार नाही."

"अगदी बरोबर!" दाढीवाला खुलला. "तुम्ही फार नेमकं मांडलंत. मी हे लिहून घेऊ का?"

चहा आला. कपांवर 'कप' लिहिलं होतं. उपसमिती नेमायचं ठरलं. उपसमिती आधी मृत्यूची व्याख्या करणार, मग ती व्याख्या गीझरला लागू पडते का ते तपासणार, आणि आठ आठवड्यांत पहिला मसुदा देणार. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण अजून काखेकडे कोणी बघितलं नव्हतं.

बघितलं ते चष्मेवालीने. ती मघापासून एकटीच नोंदी वाचत होती. "एक मिनिट," ती म्हणाली. "आपण सरांना तीनदा बाहेर केलं ना? मग रोज सकाळी आत कोण घेतंय?"

तिने ओळ मोठी करून दाखवली. 'सकाळी ६:३०. शंका. शब्दप्रमाण मागितले. मिळाले.'

मास्तरांनी घराला जाणून घ्यायचे तीन मार्ग शिकवले होते, तेच, जे ते वर्गात शिकवायचे. प्रत्यक्ष, म्हणजे जे यंत्राच्या डोळ्याला दिसलं. अनुमान, म्हणजे दिसलं त्यावरून जे काढलं. आणि शब्द, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसाने जे सांगितलं. इंजिनियर तेव्हा हसले होते, म्हणाले होते, यंत्र कोणाच्या शब्दावर कसं चालेल? मास्तर म्हणाले, तुम्ही तुमचा जन्मदिवस कशावरून सांगता, तुम्ही पाहिला होता का? मात्र विश्वासाचा माणूस म्हणून मास्तरांनी सहा वर्षं तिथे स्वतःचंच नाव ठेवलं होतं.

ते चौदा महिन्यांपूर्वी बदललं होतं. चष्मेवालीने बदलाखालची टीप मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. "'यापुढे माझ्या शब्दावर विसंबू नये. शंका आल्यास माझ्या पत्नीला विचारावे आणि ती सांगेल ते प्रत्यक्षाहूनही खरे मानावे. मी कुठे असतो हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असते.'"

त्याखाली एकोणीस सकाळींच्या एकोणीस ओळी होत्या. प्रश्न सगळीकडे तोच: मास्तर घरी आहेत का?

'आहेत.'

'आहेत.'

'आहेत, झोपलेत.'

'आहेत. हळू बोल.'

'आहेत.'

"म्हणजे यंत्रणेत दोष नाही!" दाढीवाला म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनीही वही मिटली, मग मिटल्याची त्यांना लाज वाटली. "तुमच्या आईंनी फक्त एकदा..." त्या म्हणाल्या.

"कळलं," लेक म्हणाली. "चहा छान होता."

ती घरी पोचली तेव्हा आई मटार सोलत होती.

"काय म्हणाले ते उंटावरचे शहाणे?"

"म्हणाले, घर बरोबर आहे."

"बरोबर कसलं, कपाळ! म्हातारीला कोंडून घालतंय आणि म्हणे बरोबर. त्यांच्या आयांना कोंडायला हवं एकदा."

"आई, ते सकाळी तुला काही विचारतं का?"

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून थांबली. मग तिने ती नीट सोलली, दाणे भांड्यात टाकले, साल ताटलीत टाकलं.

"विचारतं."

"आणि?"

"आणि काय? साडेसहाला, धड डोळे उघडायच्या आत विचारतं. जातं तोंडातून."

"एकोणीस वेळा?"

"मोजत बसलीस?"

"मी नाही, त्यांनी मोजलं."

"कामं नाहीत त्यांना." आईने पुढची शेंग घेतली. "ते म्हटलं ना, की पाणी तापतं. भिंतीतली नळी वाजते. अंघोळीला गेल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं, जास्त नाही. मग मी उठते. मग सातला बाहेर जावंसं वाटतं आणि दार उघडत नाही, तेव्हा एवढा राग येतो मला त्या घराचा."

लेक समोर बसली. सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. तिने खूप वाचलं होतं, आणि त्यातलं बरंचसं याच विषयावर होतं. त्यातलं एकही वाक्य मटाराच्या त्या भांड्यापुढे उभं राहीना.

"मी तारखा दिल्या होत्या," ती म्हणाली.

"कसल्या?"

"परत यायच्या. त्यांना ती भरावीच लागते. पहिल्यांदा वर्षअखेर सांगितली. मग महिनाअखेर."

"आणि तिसऱ्यांदा?"

"परवा."

आईने तिच्याकडे वर पाहिलं. "वेडी," ती म्हणाली, आणि सोललेले मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले, लहानपणी ठेवायची तसे. लेकीने ते एकेक करून खाल्ले. त्याला वेळ लागला.

"राहा आज," आई म्हणाली.

"माझं सांगणं घराला चालत नाही, आई. तुझंच लागतं."

"राहा म्हटलं मी. बोल कुठे म्हटलं?"

सकाळी सहा वाजल्यापासून दोघी जाग्या होत्या आणि दोघीही झोपल्याचं दाखवत होत्या. घराचा आवाज सर्दी झालेल्या निवेदकासारखा होता. बाईचा आवाज दिला तर तिला हुकूम सोडल्यासारखं वाटतं आणि पुरुषाचा नको, तो मी आहेच, असं म्हणून मास्तरांनी तो निवडला होता. साडेसहाला तो म्हणाला, "मास्तर घरी आहेत का?"

आई उठून बसली. तिने केस मागे घेऊन अंबाडा घातला.

"मास्तर घरी आहेत का?"

लेकीने चादरीचं टोक मुठीत धरलं. या घरात तिच्या शब्दाला फ्रिजमधल्या टोमॅटोइतकंही वजन नव्हतं, आणि त्या क्षणी तिला त्याचं बरंच वाटलं. आईला मात्र बरं वाटलं नसावं. तिने एकदा लेकीकडे वळून पाहिलं.

तिसऱ्यांदा आवाज आला.

"नाहीत," आई म्हणाली.

"परत कधी येतील?"

"तुला काय करायचंय?"

"उत्तर समजलं नाही."

"येणार नाहीत." ती भिंतीकडे बघून बोलत होती, जरा मोठ्याने, कानाने कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तशी. "ते वारले. मी शेजारी होते. आता समजलं?"

"समजलं," घर म्हणालं.

"बघ," आई लेकीला म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, पण बोलायची राहिली नाही. "त्रेचाळीस वर्षांत यांनी माझं एका वाक्यात कधी ऐकलं नाही."

भिंतीत काही वाजलं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, साडेसहाचे पावणेसात होईपर्यंत. मग आईने चहा टाकला.

आठला तिने पिशवी घेतली आणि चपला घातल्या. दार उघडलं. ती उंबऱ्यात थांबली, परत आत येऊन गॅस बंद केलाय का ते बघून गेली, आणि बाहेर पडली. समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई कचरा ठेवायला आल्या होत्या.

"अगंबाई, निघालात? लेक बसलीय वाटतं राखणीला?"

"राखण कोणाची? एकटीच आहे मी आता," आई म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत चाललेय. येता का?"

"थांबा, थांबा, चपला घालते."

दोघी जिना उतरू लागल्या. नर्सबाई गुडघ्याचं काहीतरी सांगत होत्या, आई मधूनमधून "हो ना" म्हणत होती. लेक दार धरून उभी राहिली. पावलं खालच्या मजल्यावर गेली, मग फाटकाशी, मग रस्त्याच्या आवाजात मिसळली.

"दार उघडं आहे," घर म्हणालं. "कोणाची वाट पाहताय का?"

लेकीने एकदा रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. घराने तेवढा वेळ दिला.

"नाही," ती म्हणाली, आणि तिने दार लावलं.